पाण्यातलं फुलपाखरू आणि वहीत नसलेलं नाव

अमडापूरच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज हप्ता नाही, व्याज नाही. आज पोहण्याची एक शर्यत समजून घेऊ. कुणी म्हणेल, "बाई, शर्यतीचं आपल्याला काय?" शेवटपर्यंत ऐका, मग सांगा.

आपली पोरं पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. एक हात पुढे, एक मागे. बटरफ्लाय, म्हणजे फुलपाखरू पद्धत, याहून वेगळी. तिच्यात दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पंखांसारखे पुढे टाकायचे. दोन्ही पाय जोडीने, माशाच्या शेपटीसारखे वर-खाली मारायचे. पाय आलटून-पालटून मारले, तर पंच बाद करतात. शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम टेकवायचे. ही पद्धत फार दमवते, कारण दर वेळी छाती आणि खांदे पाण्याबाहेर उचलावे लागतात.

आता सांगा, कोपरापासून पुढे ज्याला दोन्ही हातच नाहीत, तो ही शर्यत कशी पोहील?

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्याचा सुयश जाधव ही शर्यत पोहला आणि जिंकलाही. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियातल्या जकार्ता इथे आशियाई पॅरा स्पर्धा झाल्या. तिथे 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याने 33 सेकंदांच्या आत पोहून सुवर्णपदक मिळवलं. त्याआधी 2016 मध्ये तो रिओच्या पॅरालिम्पिकमध्येही उतरला होता. 2020 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला.

सुयश जन्मतः असा नव्हता. सहावीत असताना खेळता खेळता हातातली लोखंडी सळई विजेच्या तारेला लागली आणि दोन्ही हात गेले. त्याचे वडील स्वतः पोहणारे. त्यांनी लेकराला घरात बसवून ठेवलं नाही. पुन्हा पाण्यात उतरवलं.

मग ही शर्यत सोपी केलेली असते का? नाही. ती बरोबरीची केलेली असते. अपंग खेळाडूंचे गट पाडतात. शरीराच्या अपंगत्वाचे गट एक ते दहा. आकडा जितका लहान, तितकी अडचण मोठी. अकरा ते तेरा दृष्टीचे, चौदावा बौद्धिक अक्षमतेचा. सुयश सातव्या गटात पोहतो. तज्ज्ञ आधी खेळाडूची ताकद आणि हालचाल तपासतात, मगच गट ठरतो. ज्याचे हात डोक्याच्या पुढे पोचत नाहीत, त्याने शरीराच्या वरच्या भागाने भिंतीला टेकलं तरी चालतं. ज्याला चौथऱ्यावर उभं राहता येत नाही, तो पाण्यातून सुरुवात करतो. पण पाय आलटून-पालटून मारले, तर तोही बादच. म्हणजे जिथे शरीर अडतं तिथे सोय, बाकी नियम सगळ्यांना सारखा. दया वेगळी आणि सोय वेगळी, ती अशी.

आता आमची चूक सांगतो. एका गटात कुटुंबाची माहिती भरत होतो. एक ताई म्हणाल्या, "पोरं दोन." आम्ही दोन लिहिलं. पुढे त्यांच्या घरी गेलो, तर दाराआडून तिसरं लेकरू डोकावलं. मळणी यंत्रात त्याचा एक हात गेलेला. शाळा सुटलेली. ताई खाली पाहत म्हणाल्या, "त्याचं काय लिहायचं, म्हणून सांगितलं नाही." आणि आम्हीही कधी, "अजून कोणी आहे का?" असं विचारलं नव्हतं. त्या दिवशी वहीत तिसरं नाव लिहिलं. मग दाखल्याच्या मागे लागलो.

तुमच्याकडे असं लेकरू असेल तर हे करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. अर्ज ऑनलाइन भरता येतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि दिव्यांग प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळतं. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्व लागतं. तेवढं असेल, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा शाळा सुटली असली, तरी पुन्हा नाव घालता येतं.

लेकराला पोहायला शिकवायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फिट येत असतील तर हे जास्तच गरजेचं. शिकवणारं जाणतं माणूस जवळ हवंच. विहिरीवर पोराला एकटं सोडू नका.

आणि एक. घराचं बांधकाम चालू असेल, तर सळया, लोखंडी पाइप आणि शिडी विजेच्या तारांपासून लांब ठेवा. पोरांना तिथे खेळू देऊ नका. कोणी तारेला चिकटलं, तर हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. खांबावरची तार असेल, तर लांब उभं राहून वीज कार्यालयाला फोन करा.

पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, की एकमेकींना एवढंच विचारा, "ताई, घरात अजून कोणी आहे का, ज्याचं नाव वहीत नाही?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.