घरचें पुस्तक

पुस्तकें वाचणारे पुष्कळ असतात. विकत घेऊन वाचणारे त्या मानानें थोडे. आणि वाचून झाल्यावरहि तें पुस्तक जन्मभर जवळ असावें असें वाटणारे त्याहून थोडे. पहिल्यास वाचक म्हणतात, दुसऱ्यास गिऱ्हाईक म्हणतात, आणि तिसऱ्यास काय म्हणावें याविषयीं त्याच्या घरांतील मंडळींचें एकमत नसतें. भाजी आणावयास गेलेला हा गृहस्थ कोथिंबिरीच्या खालीं दडवून एखादें पुस्तक घरांत आणतो. "अहो, मेथी कुठें आहे?" असा प्रश्न आंतून येतो. "मेथी आज कांहीं बरी नव्हती," असें उत्तर जातें. पिशवी रिकामी होतांच खरा प्रकार उघडकीस येतो, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो : "गांवांत एवढें वाचनालय असतांना विकत कशाला घ्यायचें?"

हा प्रश्न मुळींच वावगा नाहीं. महाराष्ट्रांत वाचनालयांची परंपरा जुनी व मोठी आहे. रत्नागिरीचें वाचनालय १८२८ सालचें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें, कोल्हापूरचें करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं निघालें व मुंबईचें १८९८ सालीं. १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदाहि झाला. अल्प वर्गणींत शेंकडों पुस्तकें वाचावयास मिळत असतां संसाराचा पैसा पुस्तकांत घालावा, आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतील एक भिंत कपाटांनीं अडवावी, हें व्यवहाराला धरून दिसत नाहीं.

परंतु वाचनालयाचें पुस्तक हा पाहुणा आहे. तो यावयाच्या दिवशींच त्याच्या जाण्याची तारीख ठरलेली असते. त्याच्या सहवासांत आनंद असतो, पण निवांतपणा नसतो. त्याच्या समासांत पेन्सिलीनें खूण करतां येत नाहीं. आणि वर्षांनंतर एखाद्या रात्रीं अकस्मात् एखादें वाक्य आठवलें, तर उठून तें पाहतां येत नाहीं. विकत घेतलेलें पुस्तक मात्र घरचें माणूस होऊन राहतें. त्याच्याकडे महिनेच्या महिने लक्ष दिलें नाहीं तरी तें रुसत नाहीं, आणि हांक मारली कीं हजर असतें.

मराठी घरांत पुस्तकाला हें स्थान कांहीं आज मिळालेलें नाहीं. छापखाने निघण्यापूर्वीं पोथी हातानें उतरून घ्यावी लागे. तिला खर्च फार, श्रम त्याहून फार. म्हणून ती वस्त्रांत बांधून देवघरांत ठेवीत. तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून तिला जपा, अशी विनवणी लेखक पोथीच्या शेवटीं करीत. १८०५ सालीं श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांच्या छापखान्यांतून विल्यम कॅरेचें मराठी व्याकरण बाहेर पडलें. १८३१ सालीं मुंबईंत गणपत कृष्णाजींनीं मराठी पंचांग शिळाछापावर छापलें. छापाच्या शाईंत चरबी असते अशा समजुतीनें सोंवळीं माणसें छापील पोथीला शिवत नसत, म्हणून त्यांनीं तुपाची शाई तयार केली, असें सांगतात. १८६९ सालीं जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि सुबक टाइपाचें पुस्तक मध्यम स्थितीच्या माणसाच्या आटोक्यांत आलें. देवघरांतील पोथी अशा रीतीनें हळूहळू ओसरीवर आली. १९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला, आणि फराळाबरोबर वाचनहि सणाचा भाग होऊन बसलें.

पुस्तक विकत घेणाराचें पहिलें सुख वाचनांत नसून शोधांत असतें. नव्या पुस्तकाच्या दुकानांत काय मिळेल हें बहुधा ठाऊक असतें; जुन्या पुस्तकांच्या ढिगाऱ्यांत तें कोणालाहि ठाऊक नसतें, दुकानदारालाहि नसतें. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत शाळा उघडण्याच्या दिवसांत क्रमिक पुस्तकांसाठीं झुंबड उडते, आणि त्याच गर्दींत एखादा वृद्ध गृहस्थ कोपऱ्यांतील धुळकट गठ्ठा शांतपणें चाळीत उभा असतो. मुंबईस फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुन्या पुस्तकांची पंगत वर्षानुवर्षें मांडलेली असे. २००५ सालीं महापालिकेनें तेथील पुष्कळ विक्रेते उठविले, तरी ती पंगत अगदींच मोडली नाहीं. गिरगांवांत केशवराव कोठावळे यांनीं १९४२ सालीं मॅजेस्टिक चित्रपटगृहाच्या आसऱ्यानें लहानशी पुस्तकविक्री सुरू केली, व तिच्यांतूनच पुढें मराठींतील एक मोठी प्रकाशनसंस्था उभी राहिली. पदपथावरच्या व्यापाराला कमी लेखूं नये तें याकरितां.

या शोधाचेहि कांहीं नियम आहेत. हवें असलेलें पुस्तक दिसलें म्हणजे चेहऱ्यावर तें दिसूं देऊं नये. तें हातीं घेण्याआधीं नको असलेल्या दोन पुस्तकांची किंमत विचारावी. विकत घेण्यापूर्वीं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व शेवटचें पान जाग्यावर आहे ना, तें पाहावें. पृष्ठसंख्या मोजावयाची सोपी युक्ति अशी कीं, पुस्तक बहुधा सोळा सोळा पानांच्या फर्म्यांनीं बनतें. कागदाच्या मोठ्या तावावर एका अंगास आठ व दुसऱ्या अंगास आठ पृष्ठें छापतात, ताव तीनदां दुमडतात, आणि असे फर्मे एकावर एक ठेवून शिवतात. म्हणून जुन्या पुस्तकांतून पान गळतें तें बहुधा एकटें गळत नाहीं. दोऱ्याच्या पलीकडला त्याचा जोडीदारहि सुटलेला असतो. एक पान गेलेलें दिसलें, तर त्याच फर्म्यांत दुसरें शोधावें.

जुन्या पुस्तकाच्या वासाचें वेड ज्यांना असतें त्यांची घरांत थट्टा होते. पण त्या वासालाहि कारण आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदांत लिग्निन नांवाचें द्रव्य असतें. काळ जातो तसें तें विघटन पावतें. त्यांतून जीं बाष्पें निघतात, त्यांत व्हॅनिलाच्या सुगंधाचें द्रव्यहि अल्प प्रमाणांत असतें. कागद पिवळा पडतो तोहि मुख्यतः याच क्रियेमुळें. आणि कागदांत आम्ल असल्यास तो ठिसूळ होतो. जो सुवास घेऊन वाचक प्रसन्न होतो, तो पुस्तकाच्या झिजण्याचा सुवास असतो. जुन्नरच्या व दौलताबादेजवळील कागजीपुऱ्याच्या हातकागदावर लिहिलेलीं दोनशें वर्षांचीं दप्तरें आजहि उलगडतां येतात. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईंत हलक्या कागदावर छापलेलीं पुस्तकें हातांत घेतांच कडांनीं तुटतात. जुनें तें टिकाऊ व नवें तें नाशिवंत, असा हा उलटा हिशेब आहे, आणि त्याचें महत्त्व पुढें दिसून येईल.

दुसरें सुख मागील मालकाच्या सोबतीचें. आंतल्या पानावर कोणाचें तरी नांव असतें, एखादी तारीख असते, "चि. सौ. हिला लग्नाच्या वाढदिवशीं" असा मजकूर असतो. कोठें ट्रामचें तिकीट, कोठें वाळलेलें पिंपळपान, कोठें वाण्याचा हिशेब खूण म्हणून राहिलेला असतो. अमुक पानापुढें खुणा नाहींत, यावरून त्या वाचकानें पुस्तक तेथेंच सोडलें हेंहि कळतें. आणि आपण त्याच्या पुढें गेलों याचें नव्या वाचकाला बारीकसें समाधान वाटतें.

तिसरें सुख न वाचलेल्या पुस्तकांचें, आणि हेंच घरच्या मंडळींस सर्वांत अनाकलनीय वाटतें. "आधींचीं वाचून संपलीं का?" या प्रश्नाला कोणताहि ग्रंथप्रेमी सरळ उत्तर देऊं शकत नाहीं. पण कोठींतील सगळें धान्य आजच शिजवावयाचें नसतें. एखादें पुस्तक घेतल्यावर दहा वर्षांनीं, मुलाच्या परीक्षेच्या निमित्तानें, आजारपणांतील बिछान्यावर किंवा सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या रिकाम्या दुपारीं एकाएकीं हातीं येतें, आणि तें याच दिवसासाठीं घेतलें होतें असें वाटतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं विद्यार्थिदशेंत, पोटाला चिमटा घेऊन, न्यूयॉर्कमध्यें सुमारें २००० जुनीं पुस्तकें जमविलीं, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. १९१७ सालीं ते स्वदेशीं परत आले त्या वेळीं त्यांचें सामान असलेली बोट पाणतीरानें बुडाली व त्यांतले ग्रंथ गेले. तरीहि त्यांनीं संग्रह सोडला नाहीं. दादरच्या हिंदु कॉलनींत 'राजगृह' बांधलें तें पुस्तकांची सोय डोळ्यांपुढें ठेवूनच. एवढा ध्यास सर्वांना शक्य नाहीं. पण गेलेलें पुस्तक पुन्हां मिळवावें असें ज्याला वाटतें, तो त्याच जातकुळीचा.

अशा संग्रहाचा संसार मात्र नीट करावा लागतो. आपल्याकडे पुस्तकाचे मोठे शत्रु तीन : ओल, कसर व वाळवी. पावसाळ्यांत कपाट भिंतीला चिकटून ठेवूं नये. बोटभर जागा सोडली तर वारा खेळतो. पुस्तकें इतकीं दाटून भरूं नयेत कीं काढतांना वरची कड धरून ओढावें लागेल. शिवण तेथूनच उसवते. दसऱ्याच्या सुमारास सर्व पुस्तकें काढून झाडावीं व सावलींत वारा द्यावा. कडक उन्हांत ठेवल्यास कागद आणखी पिवळा पडतो. वेखंडाचे तुकडे व कडुनिंबाचा पाला ठेवण्याची घरगुती चाल आहे. ती चालूं द्यावी, पण केवळ तिच्यावर विसंबूं नये. वरचेवर हाताळलेल्या पुस्तकाला कसर सहसा लागत नाहीं. चौथा शत्रु मित्राच्या रूपानें येतो व "दोन दिवसांत आणून देतों" असें म्हणतो. त्याच्याकरितां एक वही असावी, आणि तींत नांव त्याच्या देखत लिहावें.

या सर्व सुखांच्या शेवटीं एक कठीण दिवस येतो, आणि त्याचा विचार संग्राहक बहुधा करीत नाहीं. तो जातो, पुस्तकें राहतात. मुलें परगांवीं, घर लहान, सुनेला त्या धुळीनें शिंका येतात. तेराव्यानंतर महिन्याभरांत दारांत रद्दीवाला उभा राहतो. त्याच्या तागडींत १८५७ सालचा मोल्सवर्थचा कोश आणि गेल्या सालचें रेल्वेचें वेळापत्रक एकाच भावानें जातात. यांत मुलांचा दोष थोडाच असतो. कोणतें पुस्तक काय आहे, हें त्यांना कोणी सांगितलेलेंच नसतें.

येथें प्रश्न एका घरापुरता राहत नाहीं. प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारांत दाखल करण्याचा कायदा १८६७ सालीं झाला. त्यापूर्वींच्या मराठी पुस्तकांना तेवढाहि आधार नव्हता, आणि त्यानंतरचींहि सर्व टिकलीं असें नाहीं. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूचि तयार केली, ती ठिकठिकाणचे संग्रह धुंडाळून. पुस्तक कोणी तरी विकत घेतलें, वेखंड घालून जपलें व रद्दींत जाऊं दिलें नाहीं, म्हणून तें अशा सूचीपर्यंत पोंचतें. कागद तर वर सांगितल्याप्रमाणें स्वतःच झिजत असतो. अशा स्थितींत मध्यम स्थितीच्या माणसाचें एक कपाटहि भाषेच्या कोठारांतील एक कणगी असतें.

म्हणून ज्याच्या घरीं असें कपाट आहे, त्यानें हातपाय चालत आहेत तोंच एक काम करावें. एका वहींत प्रत्येक पुस्तकाचें नांव, कर्ता, प्रकाशक, गांव व साल लिहावें, आणि त्यापुढें तें कोणाला द्यावयाचें तें लिहावें. ग्रंथालयाला सर्वच पुस्तकें नको असतात. त्यांच्याकडे आहेत तींच पुन्हां नेऊन टाकणें म्हणजे आपली अडचण त्यांच्या दारांत लोटणें होय. आधीं यादी दाखवावी. जुन्या मासिकांचे सलग अंक, गांवच्या इतिहासाचीं लहान पुस्तकें, स्थानिक संस्थांचे अहवाल, नाट्यसंगीताच्या पदावलि, अशी वरवर किरकोळ दिसणारी सामग्रीच बहुधा इतरत्र मिळत नाहीं. ती प्रथम जपावी. आणि कांहीं पुस्तकें नातवंडांना आपल्या हातानेंच, त्यांच्या नांवाचीं अक्षरें घालून, द्यावीं.

ही वही लिहावयास बसला कीं त्या गृहस्थाला आणखी एक गोष्ट कळते. अमुक कादंबरी कपाटांत नाहीं, ती कोठें गेली म्हणून तो मित्रांची वही चाळतो. तींत नोंद नसते. शेवटीं ती सांपडते स्वयंपाकघरांत, डाळीच्या डब्यांमागें, मध्यें हळदीच्या बोटाचा ठसा उमटलेली, आणि अर्ध्या पानावर खुणेला मेथीची वाळकी काडी घातलेली. मग तो निमूटपणें ती जागच्या जागीं ठेवून देतो, आणि वहींत त्या पुस्तकापुढें, तें कोणाला द्यावयाचें या रकान्यांत, पत्नीचें नांव लिहितो.