बांधकामाची गुणवत्ता म्हणजे काय?

शाळाखोलीचे काम अंदाजपत्रकात बसले व मुदतीत संपले, की ते उत्तम झाले असा समज आढळतो. खर्च व मुदत हे हिशेबाचे विषय होत. गुणवत्तेची कसोटी निराळी आहे. जोसेफ जुरान या तज्ज्ञाने 'उपयोगास योग्य असणे' असा तिचा अर्थ केला. स्वच्छतागृह नकाशाबरहुकूम उभे राहिले, पण त्यात पाणी नसेल, तर मुलींच्या दृष्टीने ते नाहीच.

प्रत आणि गुणवत्ता यांचीही गल्लत होते. साधी शहाबादी फरशी नीट उतारावर बसली, तर ते काम चांगलेच होय. महाग फरशीखालचा भराव कच्चा राहिला, तर ती खचणारच.

शेवटच्या पाहणीने गुणवत्ता येत नसते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर निदान ७ दिवस, मिश्र सिमेंट असल्यास १० दिवस ओल राखावी, असे भारतीय मानक ४५६ सांगते. त्यात झालेली कसूर गिलाव्याखाली झाकली जाते, आणि त्याच छताखाली पुढे मुले बसतात. यास्तव मुख्याध्यापकांनी स्लॅब ओतल्यापासून पाणी मारल्याची नोंद रोज ठेववावी, आणि शाळा व्यवस्थापन समितीने काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही करण्यापूर्वी ती वही मागून पाहावी.