‘दीड’ कळले की ‘ओंदूवरे’ही कळते

शाळा उघडायची वेळ आली की सीमाभागातील गावागावांत एकच चर्चा सुरू होते. यंदा पोराला कुठल्या शाळेत घालायचे? मराठी, कन्नड की इंग्रजी? या चर्चेत भर घालणारा एक साधा प्रसंग परवा आमच्या गल्लीत घडला.

शेजारच्या आजींनी नातवाला दुकानात पाठवले. “दीड किलो गूळ आण आणि पाऊण किलो शेंगदाणे,” असे सांगितले. इंग्रजी माध्यमाच्या तिसरीत शिकणारा तो पोर उंबऱ्यातच थबकला. “आजी, दीड म्हणजे किती गं?” आजी अवाक्! मुलगा मठ्ठ मुळीच नाही. गणितात त्याला चांगले गुण आहेत. पण त्याचे इंग्रजी आकडे आजीला येत नाहीत आणि आजीचे दीड, अडीच, पावणेदोन त्याला ठाऊक नाहीत. एकाच घरात राहून दोघांचा हिशेब जुळेना.

गंमत पुढेच आहे. दुकानात मराठी शाळेतला चौथीचा एक मुलगा आधीच उभा होता. कन्नड दुकानदाराला तो म्हणाला, “ओंदूवरे किलो बेल्ल कोड्री.” मी विचारले, “हे तुला कुणी शिकवलं रे?” तो म्हणाला, “त्यात काय शिकवायचं? दीड म्हणजेच ओंदूवरे की!”

या एका वाक्यात साऱ्या वादाचे उत्तर आहे. एक आणि अर्धा मिळून दीड होतो, ही कल्पना मुलाच्या मनात एकदाच रुजावी लागते. ती आईच्या भाषेत चटकन रुजते. एकदा ती पक्की झाली की कन्नडमध्ये आणि इंग्रजीत शिकायचा उरतो तो फक्त शब्द. उलट परक्या भाषेतून सुरुवात केली की कल्पना आणि शब्द ही दोन्ही ओझी कोवळ्या मेंदूवर एकदम पडतात. मग मूल समजून घेण्याऐवजी पाठ करू लागते.

हा केवळ आमचा भावनिक आग्रह नव्हे. आपल्यासारखाच अनेक भाषांचा देश असलेल्या आफ्रिकेतील नायजेरियात 1970 साली इफे येथे असा प्रयोग झाला. काही मुलांना प्राथमिकची सहाही वर्षे त्यांच्या योरुबा मातृभाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा विषय म्हणून नीट शिकवला. बाकीच्या मुलांना तीन वर्षांनंतर इंग्रजी माध्यमाकडे वळवले. मातृभाषेतून शिकलेली मुले इतर विषयांत सरस ठरलीच, पण इंग्रजीतही मागे पडली नाहीत! भाषा शिकणे वेगळे आणि भाषेतून शिकणे वेगळे, हा फरक पालकांनी ध्यानात घेतला पाहिजे.

मातृभाषा जपायची म्हणजे दुसऱ्या भाषेचा द्वेष करायचा, असे मुळीच नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. तरी कन्नड कवितेसाठी 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. आपल्या ताटातले तूप आणि आपल्या घरातले अण्णा-अक्का हे शब्द कन्नडशी नाते सांगतात. शेजाऱ्याची भाषा आलीच पाहिजे. कचेरीत, बाजारात आणि दवाखान्यात तिच्यावाचून आपलेच अडते.

हक्काचे म्हणाल तर राज्यघटनेचे कलम 350-अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांसाठी मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयी करण्यास राज्यांना सांगते. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाची मातृभाषा ठरविण्याचा आणि माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा असल्याचे स्पष्ट केले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेचे माध्यम असावे, असे म्हटले आहे. म्हणजे निवड आता आपल्या हाती आहे. ती आपण कशी करतो? मोर्चात मराठीच्या घोषणा द्यायच्या आणि सकाळी आपलेच पोर इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवायचे, हे किती दिवस चालणार? पट घसरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की पट आणखी घसरतो. अशा रीतीने बंद पडलेली शाळा पुन्हा उघडणे फार कठीण.

अर्थात पालकांना दोष देऊन भागणार नाही. मराठी शाळेत इंग्रजी आणि कन्नड उत्तम शिकवणारे शिक्षक हवेत. रिकाम्या जागांसाठी शाळा सुधारणा समितीने आणि गावकऱ्यांनी लेखी पाठपुरावा करायला हवा. तीन भाषा धडपणे येणारी मुले मराठी शाळेतून बाहेर पडू लागली, तर पालक आपणहून परत येतील.

त्या आजींनी मात्र वाट पाहिलेली नाही. हल्ली रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की त्या नातवाला समोर बसवतात आणि ओसरीवरून निमकी-पाऊणकीचे पाढे ऐकू येतात. एवढे तर आज रात्रीपासून आपल्यापैकी प्रत्येकाला करता येईल.