कसं चालतं? : पाच काडतुसांचं रिव्हॉल्व्हर टिकलं कसं

अमेरिकेत लपवून बाळगायच्या शस्त्रांत १९५० सालच्या ‘चीफ्स स्पेशल’च्या वळणाचं पाच काडतुसांचं रिव्हॉल्व्हर अजून खपतं. जवळपास त्याच आकाराच्या, २०१८ सालच्या ‘सिग पी३६५’ पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये मात्र दहा मावतात. फरक आहे तो जोर कुठून येतो याचा. रिव्हॉल्व्हर म्हणजे पायाचं शिलाई मशीन: चक्र फिरवणं, घोडा उचलणं, सारं बोटाच्या बळावर. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं समोर हजर. पिस्तूल मात्र आधीच्या बाराच्या धक्क्यावरच रिकामी पुंगळी फेकून नवं काडतूस भरतं. मनगट ढिलं पडलं किंवा वरचा सरकता भाग कपड्यात अडकला, की सगळं ठप्प.

म्हणून नवख्याला रिव्हॉल्व्हर बरं, असं सर्रास सांगतात. हे पटत नाही. सगळं काम बोटानं करायचं म्हणून चाप जड, आणि जड चाप ओढताना आखूड नळी हलते. शिवाय पिस्तुलात सरकता भाग आणि स्प्रिंग धक्का थोडा लांबवतात. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो थेट तळहातावर बसतो. ‘पण ते अडकत तर नाही!’ क्वचित अडकतं, आणि तेव्हा सहसा हातानं सुटत नाही. पिस्तुलाची अडचण सराव असेल तर बहुधा काही क्षणांत निघते. रिव्हॉल्व्हरची खरी बाजू एवढीच, की घोडा आत झाकलेला असेल तर ते कोटाच्या खिशातूनही चालतं.