पिस्तूल कोणते ते नंतर. आधी परवाना कोणाचा?

शेणव्याचे कायदेविषयक शिबिर आटोपून आम्ही चहा घेत होतो. तीन-चार तरुण आम्हाला बाजूला घेऊन गेले. एकाने मोबाईल पुढे केला. त्यात दोन पिस्तुलांचे फोटो. एक ऑस्ट्रियाचे ग्लॉक, दुसरे अमेरिकेचे स्टॅकॅटो. "वकीलसाहेब, यातलं कोणतं घ्यावं? शर्टाखाली दिसायला नको."

आम्हाला हसू आले. पण कारण विचारले आणि हसू मावळले. स्मशानाच्या वाटेचा वाद. या मुलाच्या चुलत्याने तक्रार दिली, तेव्हापासून समोरचा धनदांडगा बाराबोअरची बंदूक खांद्याला लावून रोज संध्याकाळी वस्तीवरून फिरतो. बंदूक परवान्याची आहे. तोंडाने एक शब्द बोलत नाही. बोलण्याची गरजच काय?

मुलांना आम्ही खरे ते सांगितले. ही दोन्ही पिस्तुले 'डबल स्टॅक', म्हणजे मॅगझिनमध्ये गोळ्या दोन ओळींत एकमेकींना खेटून बसतात. म्हणून ग्लॉक १७ मध्ये सतरा गोळ्या मावतात. आपल्या लष्कराचे ईशापूरचे ९ एमएम पिस्तूलही याच जातीचे, तेरा गोळ्यांचे. पण ही ९ एमएमची सरकारी गोळी ज्यात चालते ते पिस्तूल आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअरचे. त्याचा परवाना ठाण्याचे कलेक्टर देऊ शकत नाहीत, त्याला दिल्लीच लागते. नामांकित नेमबाज वगैरे सोडले तर सामान्य माणसाला परदेशी पिस्तूल मागवताही येत नाही. उरते काय? आपल्याकडचे .३२ बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले, किंमत सुमारे सव्वा लाख! शेणव्यातल्या कोणत्या मजूर बाईने ते घ्यावे अशी अपेक्षा होती, हे त्या कारखान्यालाच ठाऊक.

मग आम्ही त्यांना दुसरा कागद दाखवला. अॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम. त्यातला नियम ३ आमच्या वकील मंडळींपैकीही फार थोड्यांनी नीट वाचला आहे. अत्याचारप्रवण भागात सरकारने आधी काय करायचे, ते तिथे क्रमाने दिले आहे. गरज भासल्यास अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करायचे. त्यांचेच नव्हे, त्यांचे जवळचे नातेवाईक, नोकरचाकर आणि घरोब्याचे मित्र यांचेसुद्धा. शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा शस्त्रे जप्त करायची. आणि त्यानंतर, जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज असल्यास, दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यायचे. शस्त्र कायद्याचे कलम १४ तर सांगते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. म्हणजे भूमिहीन कातकऱ्यालाही अर्जाचा हक्क आहे!

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये विचारले होते की इथल्या खालच्या वर्गांनी बंड का केले नाही. उत्तरही त्यांनीच दिले. चातुर्वर्ण्याने त्यांच्या हातात शस्त्रच ठेवले नव्हते. अमेरिकेत तरी काय वेगळे घडले? १९५६ च्या जानेवारीत माँटगोमेरीला मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी शस्त्र बाळगून फिरण्याचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. आज त्याच देशात आपला तरुण ज्याचे फोटो बघतो ती पिस्तुले कमरेला लावून लोक बाजारहाट करतात. किंग यांनी मात्र पुढे घरातले शस्त्रही काढून टाकले.

आमचे मत विचाराल तर आम्ही परवान्याच्या विरोधात नाही. पंचशील मानणाऱ्यानेही आपल्या लेकराबाळांचे रक्षण करावे. परंतु २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर झुंड चालून आली, ती पिस्तुले घेऊन नव्हे. अशा झुंडीपुढे सहा गोळ्या किती पुरणार, आणि सतरा तरी किती? उलट दलिताच्या हातून एक गोळी सुटली तर दरोडा, खुनाचा प्रयत्न, नक्षलवाद अशी कलमे किती झटपट लागतील, हे कोर्टात उभे राहणाऱ्या आम्हाला वेगळे सांगायला नको. म्हणून नियमाचा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. त्याची बंदूक आधी जमा व्हावी, मग आपल्या परवान्याचे पाहू.

त्या रात्री तिथेच बसून अर्ज लिहिला. बंदूक घेऊन वस्तीवरून फिरल्याच्या तारखा, वेळा, पाहणाऱ्यांची नावे. लग्नाच्या वरातीत त्याने बार काढल्याचा व्हिडिओ मुलांकडे निघाला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा हौशी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिली मागणी परवाना रद्द करण्याची, दुसरी तक्रारदाराला संरक्षणाची, तिसरी त्याच्या स्वतःच्या परवान्याची. एक प्रत जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीला. तिची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी असा नियम आहे आणि अध्यक्ष कलेक्टरच असतात.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आसनगावहून लोकल पकडून ठाण्याला गेला आणि पोच घेऊन आला. मोबाईलमधले पिस्तुलांचे फोटो काढून टाकलेस का, असे आम्ही विचारले. म्हणाला, "नाही साहेब. उत्तर येईपर्यंत राहू द्या."