प्रोस्टेटची चाळणी तपासणी : सर्वांची की मोजक्यांची?

ब्रिटनमध्ये दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक पुरुषांना प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग झाल्याचे निदान होते आणि सुमारे १२ हजार जण त्याने दगावतात. स्तन, गर्भाशयमुख आणि मोठे आतडे यांच्या कर्करोगासाठी तेथे सरकारी खर्चाने राष्ट्रव्यापी चाळणी तपासणी चालते. पुरुषांच्या या रोगासाठीही तशी योजना हवी, ही मागणी जुनी आहे. सहा ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारे सायकलपटू सर क्रिस हॉय यांनी आपला हा कर्करोग असाध्य अवस्थेत असल्याचे २०२४ मध्ये जाहीर केल्यापासून तिला धार आली. तथापि २८ नोव्हेंबर २०२५ रोजी ब्रिटनच्या राष्ट्रीय चाळणी समितीने सर्व पुरुषांची तपासणी करू नये, असा मसुदा मांडला. बीआरसीए जनुकांत दोष असलेल्या ४५ ते ६१ वयोगटातील पुरुषांची तेवढी दर दोन वर्षांनी तपासणी व्हावी, इतकीच समितीची शिफारस होती.

जीव वाचविणारी साधी रक्ततपासणी उपलब्ध असताना ती नाकारायची कशासाठी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अडचण त्या तपासणीच्या स्वरूपातच आहे. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. कर्करोगात त्याचे रक्तातील प्रमाण वाढते; पण वयोमानाने ग्रंथी मोठी झाली किंवा तिला संसर्ग झाला तरीही ते वाढते. पीएसए वाढलेल्या चार पुरुषांपैकी साधारण तिघांना कर्करोग नसतोच. उलट, प्रमाण सामान्य असूनही काहींना तो असतो. आणि असला तरी तो कोणत्या जातीचा, हे या आकड्यावरून कळत नाही. प्रोस्टेटचे कित्येक कर्करोग इतके संथ वाढतात की, माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कारणाने मरण पावतो आणि आपल्याला कर्करोग होता हे त्याला ठाऊकही नसते. काही मात्र वेगाने हाडांपर्यंत पोहोचतात. तपासणीच्या जाळ्यात दोन्ही सापडतात.

या जाळ्याचा हिशेब युरोपातील आठ देशांत १ लाख ६२ हजार पुरुषांवर झालेल्या अभ्यासाने मांडला आहे. त्याचे २३ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीस बोलावलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावले तेव्हा एकाचा मृत्यू टळला आणि त्या एकामागे बारा जणांच्या कपाळी कर्करोगाचे अधिक निदान आले. या बारांपैकी वाचला तो कोण, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच प्रत्येकाला वाटते की तो आपणच. ब्रिटनमधील दुसऱ्या एका चाचणीत, लवकर सापडलेल्या कर्करोगावर शस्त्रक्रिया केली, किरणोपचार दिले किंवा केवळ लक्ष ठेवले, तरी १५ वर्षांनंतर या रोगाने मरण पावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच राहिले. शस्त्रक्रियेनंतर मात्र अनेकांना लघवीवर ताबा न राहणे आणि लैंगिक दुर्बलता यांना कायमचे तोंड द्यावे लागले. ज्याला कधीच त्रास होणार नव्हता, त्याच्या वाट्याला हे यावे, याला किरकोळ दुष्परिणाम म्हणता येणार नाही.

योजनेचे समर्थक यावर जो आक्षेप घेतात तो सर्वांत वजनदार आहे. त्यांच्या मते हा हिशेब जुन्या काळाचा आहे. युरोपातील अभ्यास सुरू झाला तो १९९० च्या दशकात. तेव्हा पीएसए वाढले की थेट गुदद्वारावाटे सुई घालून ग्रंथीचे तुकडे तपासणीसाठी काढीत. आता आधी एमआरआय होते. २०१७ मधील एका ब्रिटिश अभ्यासानुसार त्यामुळे सुमारे चौथा हिस्सा पुरुषांना सुईची तपासणी टाळता येईल. कमी धोक्याचा कर्करोग निघाला तर बहुतेकांवर लगेच उपचारही न करता नियमित देखरेख ठेवली जाते. अपाय घटला, मग तराजू का झुकत नाही? समितीचे उत्तर असे की, नव्या पद्धतीने मृत्यू किती घटतात, याचा दीर्घ पाठपुराव्याचा पुरावा अद्याप हाती नाही.

हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या सयुक्तिक आहे. पण कृष्णवर्णीय पुरुषांच्या बाबतीत ते अपुरे पडते. ब्रिटनमध्ये आयुष्यात हा रोग होण्याची शक्यता आठ पुरुषांत एक. कृष्णवर्णीयांत ती चारांत एक आहे. तरीही त्यांच्याबाबत अनिश्चितता फार आहे, असे सांगून समितीने त्यांना वगळले. ज्यांना पूर्वीच्या अभ्यासांत फारसे घेतलेच नाही, त्यांच्याविषयीचा पुरावा येणार कोठून? कुटुंबात हा रोग असणाऱ्यांनाही मसुद्यात स्थान नाही. हॉय यांच्या वडिलांना आणि आजोबांना हा कर्करोग झाला होता. पण केवळ एवढ्या कारणाने त्यांच्यासारख्याला बोलावणे जाणार नाही.

शिवाय, योजना नाही म्हणजे तपासणी नाही, असे थोडेच आहे! पन्नाशी ओलांडलेला कोणताही ब्रिटिश पुरुष डॉक्टरांशी चर्चा करून पीएसए मागू शकतो. साहजिकच मागतो तो जाणता आणि सुस्थितीतला. धोका अधिक असलेला, पण डॉक्टरांकडे न फिरकणारा मागे राहतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत ‘संपूर्ण आरोग्य तपासणी’च्या यादीत पीएसए सहज घुसडलेले असते आणि आकडा वाढला तर पुढे काय, याची चर्चा अहवाल हाती आल्यावर सुरू होते. ती आधी व्हावी, हा ब्रिटनमधील नियम निदान कागदावर तरी शहाणपणाचा आहे.

समितीने मसुद्यावर बारा आठवडे मते मागविली. अंतिम शिफारशीनंतरही निर्णय मंत्र्यांचाच असतो. दरम्यान ‘ट्रान्सफॉर्म’ नावाची ४ कोटी २० लाख पौंडांची चाचणी २०२५ च्या अखेरीस सुरू झाली. एमआरआय आणि जनुकीय तपासणीसह विविध पद्धतींची तुलना तीत होणार असून, पुढे तीन लाखांपर्यंत पुरुष तीत घेण्याची योजना आहे. बोलावलेल्यांत किमान दहावा हिस्सा कृष्णवर्णीयांचा असावा आणि त्यांच्यासाठी वयाची अट पन्नासऐवजी पंचेचाळीस असावी, असे तीत ठरविण्यात आले आहे. स्वतःहून मात्र कोणालाच नाव नोंदविता येत नाही. बोलावणे यावे लागते.