रामल्याहून वार्तापत्र : तोंडावर बोलणाऱ्यांच्या मुलखात

रामला (इस्रायल)

पेण आणि रोहा या आपल्या दोन तालुक्यांच्या गावांची नावे परक्या लिपीत दारावर लावलेली पाहावयाची असतील, तर रामला, लोद, अश्दोद, बीरशेबा किंवा दिमोना यांपैकी कोणत्याही नगरात यावे. येथील पेणकर आणि रोहेकर हिब्रूत सही करतात, आणि त्यांच्या शेजारच्या मोरोक्कन कुटुंबाला ही गावांची नावे आहेत याची गंधवार्ताही नसते. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना शनवार तेली म्हणत, तेच हे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांची त्यांची परंपरागत कथा आपल्याकडे सर्वांस ठाऊक असल्यामुळे ती येथे सांगत बसत नाही.

यजमान देशाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे. क्षेत्रफळ सुमारे 22,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपला रायगड जिल्हा तीनदा मांडला की झाला. परंतु रोह्यास जेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो, तेथे बीरशेब्यास दोनशे पडला तरी वर्ष साजरे मानतात. शुक्रवारी दुपारनंतर दुकानांच्या फळ्या लागतात, सूर्यास्तापासून बहुतेक बसगाड्या थांबतात, आणि रविवारी सकाळी सारा देश कामावर रुजू होतो. पोलंड, रुमानिया, इराक, येमेन, मोरोक्को अशा नाना मुलखांतून आलेल्या माणसांनी एकदोन पिढ्यांत उभारलेल्या या समाजात बोलण्याची नजाकत जोपासण्यास कोणास सवड नव्हती. आणि खरे सांगावयाचे तर ती जोपासू नये असाच आरंभीच्या पुढाऱ्यांचा कटाक्ष होता, कारण आर्जव व मुजरेगिरी ही त्यांना परदेशातील लाचार जिण्याची खूण वाटे. शाळेतील मुले मास्तरांस नावाने हाक मारतात आणि शिपाई आपल्या कप्तानास. बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाई तुमचा पगार, घरभाडे आणि दुसरे मूल का नाही, या तिन्ही गोष्टींची चौकशी दोन थांब्यांच्या आत उरकते. मंडईत टोमॅटोच्या भावावरून दोघे असे कडाडून भांडतात की आता फौजदार येणार, असे नवख्यास वाटावे. पण वाद संपताच तेच दोघे एका बाकावर कॉफी घेत बसलेले दिसतात. मनातले तोंडावर बोलणे येथे स्नेहाचे लक्षण, तर आडवळणाने बोलणाऱ्याच्या मनात काही काळेबेरे असावे, असा संशय.

अशा मुलखात पेणच्या आळीत वाढलेला मनुष्य कसा वावरत असेल, याची कल्पना मला एका दवाखान्यात आली. वयाची ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ, त्यांची सैन्यातून नुकतीच मोकळी झालेली नात, आणि समोर रशियाहून आलेली डॉक्टरीणबाई. कसे आहे, असे तिने विचारताच आजोबा हात जोडून म्हणाले, बरं आहे, देवाची कृपा. बाईंनी तसे टिपून घेतले आणि पुढच्या रोग्यास बोलावण्यासाठी मान वर केली. त्यावर नात उसळून म्हणाली, रात्रभर छाती धरून बसले होते ते! डॉक्टरीण चिडली आणि आजोबा ओशाळले. मोठ्या माणसाच्या दारात पाऊल टाकताच गाऱ्हाणे मांडू नये. त्याने पुन्हा पुसावे, मग संकोचाने सांगावे, हा त्यांचा शिष्टाचार. त्या बाईंच्या शिष्टाचारात पुन्हा पुसणे म्हणजे रोग्याला खोटा ठरविणे होते. दोघेही आपापल्या परीने सभ्यच वागत होते, आणि मधल्यामध्ये त्या छातीची तपासणी राहून जात होती.

परंतु प्रत्येक कलहाचे खापर रीतीभातींवर फोडणे मला पसंत नाही. 1951 साली बेने इस्रायलांपैकी काही जणांनी तेल अवीव येथे ज्यू स्थलांतरितांना वसविणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीपुढे ठाण मांडून, आम्हांस हिंदुस्थानात परत पाठवा, अशी मागणी केली. बीरशेब्याच्या दुकानात, तुम्ही काळे, तेव्हा तुम्हांला काळा पाव, असे ऐकावे लागल्याची तक्रार त्या वेळी नोंदली गेली आहे. हा निखळ वर्णद्वेष होता, आणि सांस्कृतिक भिन्नता असे सोज्वळ नाव देऊन तो झाकू नये. 1952 साली त्या मंडळींस विमानाने परत धाडण्यात आले. पुढे त्यांतील बरेच जण पुन्हा इस्रायलला जाऊ द्या म्हणून अर्ज करू लागले, हा भाग निराळा.

त्याहून मोठा प्रसंग विवाहाचा. या समाजास घटस्फोटाचे धर्मशास्त्र पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांच्याशी सोयरीक करावी की नाही, अशी शंका येथील धर्मपीठाने काढली, आणि 1962 साली बेने इस्रायल वधूवरांची पूर्वपीठिका मागल्या पिढ्यांपर्यंत तपासावी, असा हुकूम सोडला. आता कोकणात ज्यांची लग्ने गावच्या काजीने लावली (होय, या समाजातील धर्माधिकाऱ्यास काजीच म्हणत), त्यांनी पणजीच्या लग्नाचा दाखला कोणत्या दप्तरातून काढावा? प्रथम विनंत्या झाल्या, निवेदने गेली. माझी समजूत अशी की, ज्या देशात खरा दुखावलेला मनुष्य मेजावर मूठ आपटतो, तेथे अदबीने लिहिलेली दरखास्त वाचून कारकुनास हे प्रकरण निकडीचे वाटलेच नसावे. अखेर 1964 च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह ही मंडळी जेरुसलेममध्ये धरणे धरून बसली. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे येथील संसदेने, खास बैठक भरविली, पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले, आणि महिनाअखेर धर्मपीठाने त्या हुकमातून या समाजाचे नाव काढून टाकले. 1930 साली चिरनेरचा जंगल सत्याग्रह ज्या जिल्ह्याने पाहिला, तेथील माणसांना मूठ आपटणे जमले नाही तरी बसून राहणे जमत होते. आणि तेवढे मात्र येथे चटकन कळले.

आज त्यांची नातवंडे आजोबांचे घर पाहावयास पेण-रोह्याकडे येतात. पेणच्या 1863 सालच्या प्रार्थनामंदिरात जाऊन दिवे लावतात. त्यांच्या बोलण्याने आपली मंडळी दुखावली जातात असे कानी आले, म्हणून चार शब्द. घर केवढ्याला घेतलेत, असे त्यांनी ओटीवर बसण्यापूर्वीच विचारले तर राग धरू नये. ते वाटा मागावयास आलेले नाहीत. जुने कागद दाखविण्याची इच्छा नसेल तर तसे सांगावे. बघू, पुढे कळवितो, असे म्हटलेत तर ती मुलगी रामल्यास परतून खरोखरच तुमच्या पत्राची वाट पाहील. शनिवारचा प्रवास ठरवू नये. जेवणास मासे चालतील. मात्र खवले व पर असलेलेच. या समाजाला ज्यू धर्माची पुन्हा ओळख करून देणारे म्हणून परंपरेत मानले जाणारे डेव्हिड राहबी यांनी कोकणातल्या या लोकांची पारख केली ती बायकांपुढे मिश्र मासळी ठेवून, अशी आख्यायिकाच आहे. तेव्हा पापलेट करावे, कोळंबी राहू द्यावी. हल्लीच्या पोरांतील काही जण कोळंबीही खातात. पण ते आधी विचारून घ्यावे, आणि ते अगदी सरळ विचारावे.